विंगेतली काकू

माझ्या काकूसमोर कुणी अडखळलेलं तिला चालत नाही. "मी काल त्या... त्या..." म्हणून तुम्ही आठवायला लागलात, की ती "दवाखान्यात" म्हणून मोकळी. तुम्ही बँकेत गेला होतात, हा तुमचा प्रश्न. घरात सगळे वैतागायचे. मीसुद्धा. पण त्यात तिचा तरी काय दोष? वस्तीतल्या छोट्या थिएटरच्या विंगेत स्टुलावर बसून नटांना विसरलेले शब्द पुरवण्यात तिची उभी हयात गेली होती. कुणी बोलता बोलता गप्प झालं, की तिच्या जिवाची घालमेल व्हायची.

थिएटर म्हणजे मुळात गोदाम. काका आणि त्यांच्या मित्रांनी ते भाड्यानं घेतलं, चार ठिकाणच्या खुर्च्या जमवल्या आणि हौसेनं नाटकं सुरू केली. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम. शिंपी राजा व्हायचा, पोस्टमन डॉक्टर व्हायचा आणि काका, अर्थातच, नायक. आवाज खणखणीत, पण पाठांतराच्या नावानं बोंब. नटाला पहिले दोन शब्द द्यायचे, पुढचं त्यानं उचलायचं, असा काकूचा नियम होता. काकांना मात्र अख्खं वाक्य लागायचं. हे लग्नाआधीच कळलेलं असूनही तिनं त्यांच्याशी लग्न केलं. धाडसीच म्हणायची.

विंगेतून येईल ते बोलायचं, डोकं चालवायचं नाही, ही सवय काकांच्या अंगात इतकी मुरली होती की विचारू नका. एका प्रयोगात काकूनं मागं नटांचे कपडे सांभाळणाऱ्या बाईंना दबक्या आवाजात सांगितलं, "अहो, इस्त्री काढा, जळतंय." काका तेव्हा मरायला टेकलेल्या बापाच्या उशाशी बसले होते. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून, बापाचा हात हातात घेऊन, ते जसंच्या तसं म्हटलं. लोक पोट धरधरून हसले. बापही हसला. घरी काकू बोलायला लागली तर काका शांतपणे म्हणाले, "तू दिलंस, मी बोललो. माझं काय चुकलं?"

पुढं दिवस फिरले. छप्पर गळायला लागलं, विजेचं बिल वाढलं, आणि आमचे निम्मे प्रेक्षक नटांचे नातेवाईक, म्हणजे फुकटे. काकांनी पदरचे घालून पाहिले. गोदामाचा मालक भला माणूस, भाड्यासाठी खूप थांबला. पण छपराच्या दुरुस्तीचा खर्च कळला तेव्हा सगळ्यांनीच हात टेकले. रविवारी दुपारी शेवटचा प्रयोग करायचा आणि तो संपल्यावर काकांनी लोकांना सांगायचं, असं ठरलं.

तेव्हापासून काकूनं 'बंद' हा शब्द तोंडातून काढला नाही. विषय निघाला की ती उठून जायची. शनिवारी जेवताना तिनं काकांना बजावलं, "नाटकात मी आहेच. पण नंतरचं तुमचं तुम्ही बोला. तो शब्द मी द्यायची नाही." काकांनी मान हलवली. मग ते बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून सराव करत राहिले. मी बाहेर ऐकत होते. काका दर वेळी एकाच जागी अडत होते.

रविवारी मी नाटकाचे कपडे बांधायला म्हणून विंगेतच होते. नाटक छान झालं. टाळ्या थांबल्यावर काका पुढं आले. लोकांचे आभार मानले, सोबतच्यांचे मानले, जे हयात नव्हते त्यांचेही मानले. मग म्हणाले, "आजपासून आपलं हे थिएटर..."

आणि थांबले.

काकांची मान हळूच विंगेकडे वळली, नेहमीसारखी. काकू ओठ घट्ट मिटून, संहिता मांडीवर मिटून बसली होती. मला तिचा राग आला. अनोळखी माणसाला नको असलेले शब्द देतेस, आणि यांना एक देववत नाही? पण तिचा चेहरा पाहिला आणि राग तिथंच विरघळला. ती काकांच्या हातांकडे बघत होती. ते थरथरत होते आणि काका ते पाठीमागं लपवू पाहत होते.

काकू स्टुलावरून पुढं वाकली. "बंद होतंय," ती म्हणाली. दोनच शब्द.

"बंद होतंय," काका खणखणीत आवाजात म्हणाले.

आता त्यांनी आत यायचं होतं. पण काका तिथंच उभे, मान विंगेकडे. पुढचं वाक्य कुणी लिहिलंच नव्हतं आणि ते त्याची वाट बघत होते. काकूच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, तिनं ते पुसलंही नाही. तिनं अगदी हळू, घरातल्या आवाजात त्यांना हाक मारली, "चला, घरी जाऊ आता."

काका लोकांकडे वळले. "चला," ते म्हणाले, "घरी जाऊ आता."

या वेळी कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेत म्हातारा शिंपी काठी टेकत उठला, त्याच्या मागोमाग बाकीचे उठले, आणि काकांनी सांगितलं तसे सगळे घरी गेले.