सरांचं नाव

उजव्या हाताचं बोट कपाळाच्या कडेला टेकवायचं आणि मग त्याच हाताची मूठ सावकाश आवळायची. ‘लक्षात आहे.’ आमच्या सेक्रेटरींचं हे दिवसातून दहा वेळा चालायचं. कुणी त्यांना हिडीसफिडीस केलं तरी ते भांडत नसत. बोट, मूठ आणि वर एक गोड हसू. ते हसू पाहिलं की मला समोरच्या माणसाची कीव यायची.

ते जन्मापासून बहिरे. बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची वसईची शाखा त्यांनी चालवली, आणि मी तिथे दुभाषी होते. माझी आई बहिरी, म्हणून हातांची भाषा मला घरातच मिळाली. ऑफिस गोखिवऱ्यात, एका गाळ्याच्या माळ्यावर. खाली पत्रा कापायचं मशीन. ते सुरू झालं की दात हलायचे, पण माळ्यावर त्याचा त्रास एकट्या मला. “जागा फार शांत आहे,” असं सेक्रेटरी प्रत्येक पाहुण्याला हातांनी सांगत, आणि ते ओरडून मराठीत सांगायचं काम माझं.

गिरीजला त्यांची केळीची वाडी होती. सोमवारी घड घेऊन येत. ज्याच्यावर राग, त्याच्या वाट्याला हिरवी केळी. एका लायसनवाल्या साहेबांनी त्यांना “हॉर्न ऐकू येत नाही, आणि गाडी चालवणार?” म्हणून खिडकीवरून हाकललं होतं. बोट, मूठ. पुढे संघटनेने दिल्लीपर्यंत खेटे घालून बहिऱ्यांसाठी लायसन मिळवलं, तेव्हा सेक्रेटरींनी स्वतःची स्कूटर बरोबर त्याच खिडकीखाली लावली आणि शाखेतल्या सतरा जणांचे अर्ज त्याच साहेबांच्या हातात दिले. एकदम नव्हे. रोज एक.

आता आमच्यातली एक रीत सांगते. बहिरे लोक माणसाला एक खूण देतात, तेच त्याचं नाव. गालाला खळी असेल तर खळी, सारखी मिशी पिळत असेल तर मिशी. आपली खूण आपण ठरवायची नसते. इतर देतात, आणि एकदा दिली की ती जन्माची. लायसनवाले साहेब ‘हॉर्न’ झाले. ते आता निवृत्त झालेत, पण अजून हॉर्नच आहेत.

आणि आमचे सर. त्यांची खूण अशी: उजव्या हाताचं बोट डाव्या हाताच्या पेरांवर दोनदा आपटायचं.

सर मुंबईत बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षक होते. मुलांनी तोंडाने बोलायला शिकावं, म्हणून तिथे हातांनी बोलायला बंदी होती. हात हलला की लाकडी पट्टी. वर्गात मुलं हातांवर बसून राहायची. सेक्रेटरी त्या वर्गात होते, माझी आईही होती. आई साठीला आली तरी चार माणसांत हात पदराखाली धरून बसायची. मला सरांचा राग होता. तो लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

निवृत्तीनंतर सर वसईत राहायला आले आणि आमच्याच शाखेचे अध्यक्ष झाले. तेव्हा बहिऱ्यांच्या संघटनेतही खुर्च्या ऐकणाऱ्यांच्याच असत. सर तासभर तोंडाने बोलत आणि सभासद त्यांच्या मिशीकडे बघत बसत. सेक्रेटरींनी त्यांना एकच गोष्ट शिकवली: “हे तुमचं नाव.” सर खूश झाले. नावाचा अर्थ काय, हे त्यांनी विचारलं नाही.

राष्ट्रीय अधिवेशनात सर स्टेजवर उभे राहिले आणि देशभरातून आलेल्या बहिऱ्यांसमोर त्यांनी मोठ्या ऐटीत स्वतःच्या पेरांवर बोट आपटलं. सभागृहातले सगळे हात वर गेले आणि हलू लागले. आमच्यात टाळ्या अशाच वाजवतात. सरांना चेव आला. त्यांनी पुन्हा करून दाखवलं. तिसऱ्यांदाही.

मी सेक्रेटरींना विचारलं, “सांगून टाकू का त्यांना?”

“विचारू दे,” ते म्हणाले. “चाळीस वर्षांत आमच्या भाषेतला एक शब्द तरी त्याने विचारावा. विचारेल तेव्हा सांगू.”

पुढे पदाधिकारी बहिराच असावा, असा ठराव सेक्रेटरींनी आणला. मतदान हात वर करून. वर गेलेल्यांतले कितीतरी हात लहान होते तेव्हापासून सरांच्या ओळखीचे होते. सरांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि हिरव्या केळ्यांची एक फणी मिळाली. त्यांनी विचारलं मात्र नाही.

मग काही वर्षांनी एका सकाळी सर सुनेबरोबर ऑफिसचा जिना चढून आले. खाली मशीन सुरू झालं. मी दचकले, सून दचकली. सर शांत बसून होते. तेव्हाच मला कळलं.

सून म्हणाली, “मशीन लावलं कानाला, पण बाबांना काहीच ऐकू येत नाही हो. घरात कुणाशी बोलत नाहीत. त्यांना तुमची भाषा शिकायचीय.”

खरं सांगू? मला आनंद झाला. पुरेपूर आनंद झाला, आणि मी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते हसले नाहीत, म्हणून मीही आवरलं.

सरांनी टेबलावर हात ठेवले. त्यांना येत होतं तेवढं एकच करून दाखवलं, आपलं नाव. मग वहीत लिहिलं, ‘याचा अर्थ काय?’

सेक्रेटरींनी ड्रॉवरमधून लाकडी पट्टी काढली. कधीपासून ती तिथे होती कोण जाणे. ती त्यांनी सरांसमोर ठेवली, फक्त ठेवली. सरांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. अगदी आईसारखे.

मग एक हात वर काढून त्यांनी लिहिलं, ‘बदलता येईल?’

“नाव बदलत नाही,” सेक्रेटरींनी त्याच वहीत लिहिलं. “पण मंगळवारी ये. हात वर ठेवून बस.”

त्यानंतर सर दर मंगळवारी येत. सेक्रेटरी त्यांना शिकवताना फार कडक असत, पण त्यांच्या बोटांना कधी हात लावला नाही. वर्षभराने एका मंगळवारी सरांसमोर पिकलेली केळी आली. मला ते आवडलं नाही, आणि मी तसं बोललेही.

या पावसाळ्याआधी सेक्रेटरी गेले. गिरीजच्या चर्चमधली मिस्साची प्रार्थना मीच हातांनी सांगितली. दफनविधी झाल्यावर सर माझ्याजवळ आले. त्यांच्या खुणा स्वच्छ होत्या. “तो गेला. आता तुम्ही लोक माझं नाव बदलाल?”

भोवतालचे सगळे माझ्याकडे बघू लागले. मला पदराखालचे ते हात आठवले. मी बोट कपाळाला टेकवलं आणि मूठ आवळली.

सरांनी माझ्या मुठीकडे पाहिलं. मग त्यांनीही बोट कपाळाला टेकवलं आणि मूठ आवळली, सावकाश, हुबेहूब सेक्रेटरी करत तशी.