त्रुटीबाई रांगेत

विद्यापीठाच्या अर्थसाहाय्य कक्षात चार नंबरच्या खिडकीत बावीस वर्षं एकच बाई बसत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्यांसाठी त्या त्रुटीबाई. फीमाफी असो, शिष्यवृत्ती असो, शैक्षणिक कर्जाचा दाखला असो, त्यांच्या हातून अर्ज एका फेरीत सुटला असं सहसा होत नसे. लाल पेनाने गोल, शेजारी 'त्रुटी', आणि ठरलेलं वाक्य : "दुरुस्त करा, रांगेत मागे उभे राहा."

पोरं त्यांच्या नावाने बोटं मोडत. बाईंचं गणित साधं होतं. चूक इथे सापडली तर एक हेलपाटा पडतो. वरच्या मजल्यावर सापडली तर वर्ष जातं. पण हे समजावत बसायला त्यांना वेळही नव्हता आणि हौसही.

त्यांच्या डोक्यावरचं भिंतीवरचं घड्याळ मात्र दहा मिनिटं मागे होतं. खिडकी पाचला बंद, आणि बंद म्हणजे बंद; पण पाच वाजायचे ते त्या घड्याळात. पावतीवर वेळही तीच पडे. धापा टाकत आलेलं शेवटचं पोरगं त्यामुळे हमखास वेळ साधून जाई, आणि वर बाईंची बोलणीही खाई. कुणी विचारलंच तर बाई म्हणत, "सेल उतरलाय." बावीस वर्षं सेल उतरलेलाच होता. कचेरीतल्या घड्याळाकडून कोण कसली अपेक्षा ठेवतं!

तर या बाईंनी एकोणपन्नासाव्या वर्षी संध्याकाळच्या पदवीच्या वर्गाला जायचं ठरवलं. तरुणपणी वडिलांचा धंदा बसला, फी भरायला पैसे उरले नाहीत आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. आता लेक कमावत होती, पण तिच्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता मायलेकी मिळून कसाबसा फेडत होत्या. "आई, तुझी फी मी भरते," असं लेक म्हणाली, तेव्हा "आधी स्वतःचं फेड" म्हणून बाईंनी तिला गप्प केलं. राहता राहिली मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठीची फीमाफी. ती मिळाली तर प्रवेश, नाहीतर आहे ती खिडकी बरी. अर्जाची शेवटची तारीख आज.

स्वतःचा अर्ज स्वतः तपासायचा नाही, असा नियम. म्हणून बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, खिडकीत सहायकाला बसवलं आणि सव्वातीनला ऐटीत अर्ज आत सरकवला. या सहायकाला त्यांनीच तीन वर्षं घासूनपुसून तयार केलं होतं. त्याने अर्ज वाचला. पुन्हा वाचला. त्याचे कान लाल झाले.

"बाई... त्रुटी आहे."

"माझ्या अर्जात?"

"अर्जदाराची सही नाही. तुम्ही खाली केलीय, तपासणाऱ्याच्या रकान्यात."

बावीस वर्षं जिथे जायचा तिथेच हात गेला होता.

"नवा अर्ज घ्या," सहायक रडवेला होऊन म्हणाला, "आणि रांगेत मागे... उभ्या राहा."

बाईंना त्याचा अभिमान वाटला आणि रागही आला. राग जरा जास्त.

रांगेतून पाहताना त्यांच्या लक्षात आलं, की खिडकी इतकी खाली आहे की प्रत्येकाला कमरेत वाकावं लागतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, पोरं नम्र आहेत.

पुढचा मुलगा वळला. "काकू, मुलासाठी आलात?"

"स्वतःसाठी."

"भारी! नशीब काढलंत, आज त्रुटीबाई रजेवर आहे. ती असती तर मेलोच होतो."

"तुझा अर्ज बघू," बाई म्हणाल्या. "उत्पन्न आकड्यात लिहिलंस, अक्षरात कुठाय?"

जित्याची खोड! बाईंनी पर्समधून पेन काढलं. त्याचा अर्ज झाला, मग त्याच्या पुढचीचा, मग मागचेही सरसावले. जिन्याच्या कठड्यावर कागद टेकवून बाईंनी सगळी रांग तपासली. स्वतःचा अर्ज कोराच राहिला म्हणून मागच्यांना पुढे जाऊ दिलं, आणि भरून मान वर केली तेव्हा मनगटावर पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. भिंतीवर पाचला पाच कमी. पुढे नऊ जण.

पाच मिनिटांत नऊ अर्ज होत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? 'मी इथलीच आहे' म्हणून पुढे घुसता आलं असतं. जीभ रेटेना. कॉलेज दुसऱ्यांदा सुटत होतं, आणि या वेळी दोष द्यायला वडिलांचा धंदाही नव्हता.

सहायक खुर्चीवरून उठला. "झाली बंद," कुणीतरी पुटपुटलं. त्याने स्टूल ओढलं, वर चढून घड्याळ उतरवलं, मागून काटे फिरवले आणि परत टांगलं. त्यात साडेचार वाजले होते.

"सेल उतरलाय," कुणी विचारलं नसताना तो म्हणाला. "चला, पुढचा."

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं, आणि तीन वर्षं हा बोलला नाही! बाईंना हुंदका आला, तो त्यांनी खोकल्यात दडपला.

तपासलेले अर्ज भराभर सरकले. नंबर आला तेव्हा बाई कमरेत वाकल्या. सहायकाने एकही ओळ न सोडता अर्ज वाचला, अर्जदाराच्या रकान्यातल्या सहीवर क्षणभर बोट ठेवलं, शिक्का मारला आणि पावती दिली. बाईंनी ती उलटसुलट पाहिली आणि परत आत सरकवली.

"वेळ घालायची राहिली."

त्याने मान वर करून भिंतीवर पाहिलं आणि लिहिलं : चार पन्नास.