मडकं पाठीमागे ठेवायचं

हात्सुए ओबाचानला व्हिडिओ गेममधलं काडीचंही कळत नव्हतं, आणि हे ती अगदी अभिमानाने सांगायची. ओसाकातल्या आमच्या लहानशा गेम कंपनीत ती दुपारचा स्वयंपाक करायची. आम्ही पंधरा जण तिला ओबाचान, म्हणजे मावशी म्हणायचो. ती आम्हा सगळ्यांना मिळून बिनकामाचे म्हणायची.

"घोडे झालात, आणि दिवसभर बाहुल्यांच्या मारामाऱ्या लावता," ती भात वाढता वाढता म्हणायची. "भूक मात्र खलाशाची!"

ती मूळची आकाशी नावाच्या बंदरगावची, ऑक्टोपस धरणाऱ्यांच्या घरातली. भाऊ नव्हता म्हणून बापाने घरजावई आणला. तात्सुझो माणूस भला, पण त्याला बोट लागायची. मग काय, हा बोटीत आडवा, "किनारा आला का गं?" विचारतोय, आणि ही दोर ओढतेय. त्या दोराला ऑक्टोपस धरायची मडकी ओळीने बांधलेली असत. अशी बावीस वर्षं गेली. शेवटी तात्सुझोने ओसाकात नूडल्सची गाडी टाकली आणि ओबाचान आमच्या स्वयंपाकघरात आली.

तिच्या या गप्पा ऐकूनच मी गेमसाठी माझी इसो काढली होती. ओबाचानला न सांगता, हे कबूल करतो. ही १९९४ ची गोष्ट. आमच्या मारामारीच्या गेममध्ये आठ लढवय्ये होते आणि त्यातली इसो ही गळ घेतलेली कोळीण माझी. ती समोर एक मडकं ठेवणार, प्रतिस्पर्धी त्यात अडकणार, आतून त्याचे दोन डोळे तेवढे दिसणार. कागदावर झकास दिसायचं. खेळताना मात्र कोणीही मडक्यात पडायला तयार नव्हतं. लोक सरळ त्यावरून उडी मारत आणि इसोला बदडत.

"निशिओका, शनिवारी गेम सेंटरमध्ये लोकांना खेळून बघायला मशीन ठेवतोय," आमचे मालक कुरामोचीसाहेब म्हणाले. "लोकांनी तिला घेतलं नाही, तर आपल्या गेममध्ये सातच लढवय्ये."

चौदा महिने मी तिची एकेक हालचाल काढली होती. त्या दुपारी मला घास उतरेना. ओबाचान भरलेला वाडगा घेऊन तरातरा माझ्या टेबलाशी आली.

"माझ्या हातच्याला काय झालंय, न जेवायला?" मग तिची नजर पडद्यावर गेली. "आणि ही लोणच्याची बरणी कसली?"

"बरणी नाही, ऑक्टोपसचं मडकं आहे. तुझंच," मी खाली मान घालून म्हटलं.

तिने चष्मा लावला, आणि पोट धरून हसायला लागली. "इतकं चकचकीत? नव्या मडक्यात ऑक्टोपस फिरकतसुद्धा नाही. समुद्रात मुरावं लागतं, शेवाळ धरावं लागतं. आणि समोर ठेवलंस? समोर दिसतोय त्या खड्ड्यात कोण शहाणा पडेल?"

"मग ते आत कसे येतात? आमिष कसलं लावायचात?"

"आमिष नाही, झाकण नाही, काही नाही. तो कशाला तरी भितो. भ्यायलेला जीव मागे सरतो, पाठीला बीळ लागलं की शिरतो, आणि मग दोर ओढला तरी आतच बसून राहतो. आम्ही कुठे धरत होतो रे? आम्ही खोल्या भाड्याने देत होतो." मग तिने वाडगा पुढे सरकवला. "तू आधी जेव."

मी जेवलो. मग मडकं मळकं केलं, त्यावर शेवाळ चढवलं आणि ते जमिनीच्या रंगात बुडवलं. प्रोग्रामरच्या हातापाया पडून चालही बदलून घेतली. आता इसो मडकं फेकायची ते प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून, त्याच्या पाठीमागे.

शनिवार उजाडला. सकाळपासून मशीनपुढे गर्दी होती, पण इसोकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यांना गेममधला आडदांड पैलवान हवा. कुरामोचीसाहेब भिंतीला टेकून वहीत खुणा करत होते आणि इसोची ओळ कोरी होती.

दुपारी ओबाचान आमच्यासाठी भाताचे गोळे घेऊन आली. माझं तोंड पाहिलं, डबा माझ्या हातात कोंबला, आणि ऐटीत मशीनपुढच्या स्टुलावर जाऊन बसली.

समोरच्या बाजूला टाय लावलेला एक कारकून पैलवान घेऊन सकाळपासून जिंकत होता. ओबाचानने इसो घेतली. तिला दोनच बटणं सापडली होती, तीच बडवत राहिली. मडकं पैलवानाच्या मागे पडलं. इसोचा गळ सपकन पुढे आला, पैलवान दचकून एक पाऊल मागे सरला, आणि आत! दोन डोळे तेवढे बाहेर राहिले. गर्दीत एकच हशा.

"हे काय होतं?" कारकून उठून उभा राहिला. "आजी, पुन्हा. आता ही बाई मी घेतो."

"घे की. मी तुझा हा रेडा घेते. माझ्या दिरासारखा दिसतो."

दुसरा डाव सुरू झाला. कारकुनाने मडकं पैलवानाच्या मागे फेकलं, मग एक गळ टाकला, मग दुसरा. ओबाचान ओरडली, "अरे अरे, अंगावर येतो मेला!" आणि तिने पैलवानाला मागे घेतलं. थेट मडक्यात.

तिने सगळी बटणं बडवून पाहिली. मग हात सोडून इतक्या मोठ्याने हसली की पलीकडच्या मशीनवरचे लोकही उठून आले.

"मला माहीत होतं रे! माहीत होतं, तरी मागे सरले!"

त्यानंतर स्टुलाला रांग लागली आणि जो तो इसोच मागू लागला. कुरामोचीसाहेबांनी खुणा करणं सोडून भाताचा गोळा उचलला. "राहू दे तिला," ते भरल्या तोंडाने म्हणाले. मला रडू आलं, आणि कुणी पाहिलं तर पाहू दे म्हणून मी ते पुसलंही नाही.

ओबाचान रिकामा डबा फडक्यात बांधत होती. पडद्यावर आता कुणाचे तरी दुसरेच डोळे मडक्यातून डोकावत होते. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"बावीस वर्षं ओढून ओढून बाहेर काढलं त्यांना," ती म्हणाली. "आत कसं वाटत असेल, एकदासुद्धा मनात आलं नाही."

"कसं वाटतं?" मी विचारलं.

"बरं वाटतं रे," तिने गाठ आवळली. "म्हणून तर कुणी निघून जात नाही."