न चाखलेली साल

नांदगावच्या सगुणाबाईकडून कुड्याची साल घ्यायची, तर आधी तिच्यासमोर चावून दाखवावी लागे. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून थुंकलं, की मगच बाई पुडी बांधायची. "औषध न्यायला आलो का परीक्षा द्यायला?" म्हणून लोक हसायचे. हसा बापडे! तिच्या जिवाचं तिला ठाऊक.

अहो, झुडपं ओळखण्यात या बाईचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. कुडा दोन जातींचा. दोन्हींना पांढरी फुलं, दोन्हींना जोडीनं लोंबणाऱ्या शेंगा. कडव्याच्या शेंगा सुट्या, गोड्याच्या टोकाशी चिकटलेल्या, हात जोडल्यासारख्या. कडवा दरीतल्या ओलीला, गोडा उघड्या खडकाला. रक्ती आवेवर चालते ती कडव्याची साल. पण माघात दोन्ही झुडपं पानं टाकून नुसत्या काड्या होतात, शेंगाही झडतात. तेव्हा खरी ओळख जिभेची.

एकोणीसशे बत्तीसची शिवरात्र. शेजारच्या अमिनाची चार वर्षांची सलिमा आवेनं पार गळून गेली. "आक्का, काहीतरी कर!" म्हणत अमिना रडत आली. सगुणाबाई होती तशी पळाली. दरी दीड कोस लांब. वाटेतल्या टेकडीवर कुड्याचं बोडकं झुडूप दिसलं. तिनं साल सोलली, तोंडात घालणार एवढ्यात आठवलं, आज निर्जळी उपास! जन्मात तिनं शिवरात्र मोडली नव्हती. "कुडाच हाय की," असं स्वतःलाच सांगून ती माघारी पळाली.

तिसऱ्या दिवशी सलिमा गेली.

माती झाल्यावर अमिना तिच्या गळ्यात पडली. "तू धावलीस, आक्का. पोर काढा कशी आवडीनं प्यायली! आणखी दे म्हणाली."

सगुणाबाई तशीच टेकडीवर गेली, साल चावली. कडूपणाचं नाव नाही. पुढं पावसाळा सरता त्या झुडपाला शेंगा लोंबल्या. टोकं चिकटलेली.

तेव्हापासून गिऱ्हाईकानं आधी साल चावायची, हा तिचा नेम. आणि गेलेली सलिमा तिच्या मागंच लागली. भर दुपारी भाकरी थापताना, विहिरीवर पाणी शेंदताना कानाशी यायचं, "मावशी, आणखी दे." बाई मोठ्यानं म्हणायची, "नाय गं माझे बाय, नाय!" बायका कुजबुजायच्या, हिला झपाटलंय. झपाटलंच होतं हो! पण सांगणार कोणाला? अमिना ईदेचा शिरखुर्मा पहिला हिच्याच दारी आणायची. खरं सांगावं तर ते दार बंद, न सांगावं तर पोर सोडत नाही.

चार वर्षांनी अमिनाच्या धाकटीला, माजिदाला, तीच आव लागली. सगुणाबाई थेट दरीत जाऊन आली. साल अमिनापुढं धरली. तिनं चाखली की सगळं उघडं पडणार होतं. पण नेम म्हणजे नेम.

"चाव आधी."

अमिनानं चावली आणि थू थू करत थुंकली. "या अल्ला! जहर कडू गं!" मग ती थबकली. "सलिमा तर... आणखी मागत होती."

"ती गोडी साल होती, अमिना. माझा उपास होता. मी चाखलीच नाय."

आतून माजिदाचं कण्हणं ऐकू येत होतं. अमिनानं साल पदरात बांधली.

"किती वेळ उकळायची?" एवढंच तिनं विचारलं. या वेळी 'आक्का' अशी हाक मारली नाही.