कृष्णकमळाचे गोत्र

किस्से जमवावे लागत नाहीत. भोपाळच्या बरखेडा वसाहतीत काळ्यांच्या अंगणात संध्याकाळी चहाला बसले, की ते आपणहून येऊन बसतात. वसुधाताई काळे माझ्या शाळेतील जुन्या सहकारी. काळेसाहेब कारखान्याच्या आस्थापना विभागातून निवृत्त झाले. तरी घरात भाजीचा निर्णयही ते टिपणी लिहिल्यासारखा देतात.

फाटकावरचे कृष्णकमळ वसुधाताईंनी नागपूरच्या माहेरून आणलेल्या फांदीचे. फुलात शंभर कौरव आणि पाच पांडव असतात, असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. एकदा मी चष्मा लावून तंतू मोजले. शंभर भरले नाहीत.

"बाई, युद्ध सुरू आहे. काही पडले असणारच," त्या म्हणाल्या.

*

त्यांची भाची मुग्धा वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. तिने सांगितले, की या कुळातील झाडांची पाने चुरडली, तर सायनाइड सुटते. ते ज्या संयुगांतून सुटते, त्यांच्या प्रकारांवरून कोणती जात कोणाच्या जवळची, हे ठरवायला मदत होते.

"म्हणजे विषावरून गोत्र," काळेसाहेब म्हणाले.

"ही सोय माझ्या लग्नाच्या वेळी हवी होती," वसुधाताई म्हणाल्या.

*

मात्र भोपाळात विषारी वायूचे नाव कोणी हसण्यावारी नेत नाही. रविवारी रांगती नात येणार होती. काळेसाहेबांनी निर्णय दिला: शनिवारी वेल काढायची. वसुधाताईंनी त्यांच्याशी बोलणे टाकले.

अखेर मुग्धाने चाचणीची तोड काढली. चुरडलेल्या पानांवर, बंद बाटलीत, पिवळी कागदी पट्टी टांगायची. ती लालसर झाली, तर सायनाइड आहे.

पट्टी पिवळीच राहिली. वसुधाताईंनी साखर वाटली. मुग्धा मात्र डोक्याला हात लावून बसली. साऱ्या कुळाच्या विरुद्ध जाणारी ही वेल आली कुठून? ती मार्गदर्शकांना फोन लावणार, इतक्यात मी विचारले, "वसुधाताई, पानं दिलीत कशी?"

"कशी म्हणजे? देवाला फुलं देणारी वेल ती. धुळीची पानं कशी देणार? उकळत्या पाण्यातून काढली."

मुग्धाने फोन खाली ठेवला. "मावशी, विष मोकळं करणारं एन्झाइमच तू शिजवलंस."

ताज्या पानांनी पट्टी विटकरी झाली.

*

शनिवारी माळी कात्री घेऊन आला. वसुधाताई त्याला फाटकाकडे न नेता खिडकीकडे घेऊन गेल्या. तेथे काळेसाहेबांनी स्वतः लावलेली, रोज स्वहस्ते पाणी घातलेली कण्हेर बहरली होती.

"ही वेलीपेक्षा जहाल आहे, असं मुग्धा सांगते. तेव्हा आधी हिची पाळी. सिनिऑरिटीनं," त्या यजमानांना म्हणाल्या.

काळेसाहेबांनी कण्हेरीकडे पाहिले, वेलीकडे पाहिले. मग घसा खाकरून ते माळ्याला म्हणाले, "भैया, आज बस घास काट दो. और घेरा लगाने को जाली ले आना. दो नग."