आमच्या पार्टीची लीडर

कार्यक्रमाच्या दिवशी लीडर कुणाशी बोलत नसे. गाडीत बसली की गळ्याला रुमाल गुंडाळून, मांडीवर कोमट पाण्याचा थर्मास धरून ती खिडकीबाहेर बघत राही. आयोजक हार घेऊन आले तर हात जोडी, चहा विचारला तर मान हलवी. गावोगावच्या बायकांना वाटे, पोरगी शिष्ट आहे. आम्हाला वाटे, आवाज जपते. तीही तेच सांगायची. "आवाज एकच हाय. तो बोलन्यात कायले घालवू?"

दारव्ह्याच्या एका संगीत शिक्षकांनी पाच मुलींची गायन पार्टी काढली होती. जयंतीचे, धम्ममेळाव्यांचे कार्यक्रम आम्ही करायचो. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. पाचही जणींना निळ्या काठाच्या सारख्या पांढऱ्या साड्या, सारख्या वेण्या आणि सारखेच नियम. कुणाला फोन नंबर द्यायचा नाही, पार्टीत आहे तोवर लग्नाचं नाव काढायचं नाही. मी जवळच्याच बोरी अरब गावची, सगळ्यांत लहान. ती मुकुटबनची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. निवडीच्या दिवशी समाजमंदिरात प्रत्येकीने एकच कडवं म्हणायचं होतं. हिने अख्खं गाणं म्हटलं. गुरुजींनी दोनदा हात वर केला तरी थांबली नाही. नंतर म्हणाली, "गानं अर्धं टाकून घरी कशी जाऊ, गुरुजी?"

तेव्हा ती लीडर नव्हती. मधली जागा मायाची होती. माया दिसायला देखणी, आवाजाने गोड, आणि पार्टी तिच्याच नावाने ओळखली जायची. मुकुटबन लांब पडतं म्हणून ही दारव्ह्याला मायाच्याच घरी राहायची. दोघींच्या वेण्या मायाची आई घालायची. स्टेजवर मात्र ही एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला असायचो. आम्हा दोघींचे माईक बंद असत. पाच जणी गाताना दिसाव्यात पण ऐकू तिघीच याव्यात, अशी गुरुजींची व्यवस्था होती. मला कळलं तेव्हापासून मी नुसते ओठ हलवायला लागले. तिला तर पहिल्याच कार्यक्रमात कळलं होतं, तरी ती गळ्याच्या शिरा ताणून गायची. मी एकदा म्हटलं, "काहून एवढी गाते? कोनाले आयकू येते?"

"मले येते ना," ती म्हणाली.

महागावच्या कार्यक्रमात, दिवेलागण होऊन गेल्यावर, ऐन गाण्यात लाइट गेली. माईक, कीबोर्ड, सगळं एकदम मुकं झालं. आम्ही चौघी गप्प झालो. ही थांबली नाही. तिच्या दृष्टीने काही बदललंच नव्हतं. ढोलकीवाल्याने तिचा आवाज धरला आणि ठेका सुरू ठेवला. दोन-अडीच हजार माणसं अंधारात एका मुलीला ऐकत बसली होती. रडणारी पोरं आया उचलून बाहेर नेत होत्या, इतकं लोकांना ते ऐकायचं होतं. जनरेटर सुरू झाला तेव्हा लोक उभे राहिले होते, आणि मायाने हिचा हात धरून तिला पुढे ओढलं होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पण दुसऱ्या दिवशी गुरुजींनी जागा बदलल्या. ही मध्ये, माया चौथ्या जागी. ही गुरुजींकडे जाऊन म्हणाली, "मले टोकावरच राहू द्या, माईक तेवढा सुरू करा." गुरुजी म्हणाले, "लोक आता तुलेच आयकाले येतील." तसंच झालं. माया महिनाभर चौथ्या जागी गायली, मग यायची बंद झाली. एका संध्याकाळी ही प्रॅक्टिसवरून परतली तर मायाच्या आईने हिची बॅग भरून ठेवली होती. कपड्यांच्या घड्या नीट घातलेल्या, वरती नवा कंगवा. माया आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

लीडरने मग गुरुजींच्या घरामागे खोली घेतली. एकदा तिथे मी तिला म्हटलं, "तू कार्यक्रमाच्या दिवशी तरी आमच्यासंग बोलत जा. पोरी नावं ठेवतात."

साडीच्या काठाशी चाळा करत ती म्हणाली, "गाडीत मी अन् माया सारख्या बोलायचो, लहानी. उतरेपर्यंत. आता तोंड उघडलं का तिचंच नाव येते." मग आपणहून म्हणाली, "पन मले मधात गायाचं होतं. खोटं कायले सांगू?"

पुढच्या तीन वर्षांत ती जिल्ह्यात नावाजली. वणीपासून पुसदपर्यंत पोस्टरवर तिचा चेहरा लागायचा. पार्टीतल्या मुली मात्र एकेक करून लग्न होऊन गेल्या. नव्या आल्या, त्या तिला मॅडम म्हणत. जुन्यांपैकी मी तेवढी उरले होते. माझं लग्न ठरलं तेव्हा मी तिच्या खोलीवर सांगायला गेले. ती भाजी चिरत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "कधी हाय?" मी तारीख सांगितली. चिरलेली भाजी तिने पातेल्यात टाकली, पाणी घातलं, झाकण ठेवलं. मग माझ्याकडे वळली.

"मंग सोमवारी प्रॅक्टिसले येशील ना?"

मी नाही म्हटलं. तिने मला जेवायला बसवून घेतलं. जेवताना आम्ही भाजीबद्दलच बोललो.

मागच्या वर्षी वणीजवळ एका मेळाव्यात ती येणार असल्याचं कळलं. आता तिची गाणी मोबाइलवर येतात, नागपूरकडचे लोक बोलावतात. नवरा आणि सासूसोबत मी गेले. भर दुपारचा कार्यक्रम. ती मध्ये, मागे अनोळखी मुली. गाणी संपल्यावर तिला भेटायला बायकांची रांग लागली. मीही रांगेत उभी राहिले. पुढे पोहोचले तसा तिने माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

"लहानी! रांगेत काहून उभी राह्यली तू?"

मागच्या बाईला ती कौतुकाने म्हणाली, "हे माह्यासंग गायाची." मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "थांबतं का थोडी? संग जेवू. एकटीच हाय मी."

मागून बायका ढकलत होत्या. बाहेर गाडीत घरची माणसं बसली होती. "घरचे थांबले हायेत," मी म्हटलं. "पुढच्या खेपेले नक्की."

"हो हो, जा. त्यायले कायले ताटकळत ठेवतं," असं म्हणून तिने हात सोडला आणि पुढच्या बाईकडे बघून हसली.

गाडी गावाबाहेर निघाली तशी सासूबाईंना रसवंती दिसली. नवऱ्याने गाडी झाडाखाली लावली. कुणालाच कसलीही घाई नव्हती. उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.