बाबांचं रविवारचं रडणं

बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं, कारण मी तुयेच्या फॅक्टरीत नोकरी धरली. शिरगावात खनिजाचा ट्रक चालवणारा माणूस, पोरगी परगावी राहून कामाला जाते म्हटल्यावर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी फॅक्टरीजवळ पेडण्याला मावशीकडे राहायची. रविवारी म्हापशाला बस बदलून घरी आले की ते माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसायचे. मीही त्यांचीच लेक, मीही बोलले नाही. असं दीड वर्ष चाललं.

गोवा राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. इस्पितळातून आणल्यावरच्या पहिल्या रविवारी मी दारात उभी राहिले आणि मला बघून बाबा ढसाढसा रडले. आजीच्या मर्तिकालाही त्यांना तसं रडताना मी पाहिलं नव्हतं. मी त्यांचे पाय धरले. बाबांचा राग गेला, असं मी मावशीला, मैत्रिणींना, बसमधल्या जेमतेम ओळखीच्या बाईलासुद्धा सांगून टाकलं.

पुढच्या रविवारी सकाळी पोदेर सायकलचा भोंपू वाजवत आला. आई पाव घेत होती, आणि बाबा त्या पाववाल्याकडे बघून अगदी तसेच रडले. थोड्या वेळाने शेजारचे म्हातारे वारल्याचं सांगायला कुणी आलं, तर खो खो हसले. मी आईकडे वळले. आईला हे आठवडाभर ठाऊक होतं, मला सांगायचा तिला धीर झाला नव्हता.

“मनार घेव नको,” ती म्हणाली. “ते पोदेराक बघूनव रडतत.”

डॉक्टरांनी समजावलं की हसण्यारडण्यावरचा ताबा सुटलाय, त्यात अर्थ शोधू नका. मी शोधत राहिले. मला बघून जरा जास्त वेळ रडतात का, आवाज वेगळा येतो का? बिचाऱ्या पोदेराशी मी चढाओढ लावली होती, याची आता लाज वाटते.

वर्षं गेली. बाबा काठी टेकत अंगणापर्यंत जाऊ लागले, रडणंही कमी झालं, पण आठवणी मधूनमधून गळाल्या होत्या. एकदा मी विचारलंच, राग गेला का म्हणून. कसला राग, असं त्यांनी मलाच विचारलं. आमचं भांडण आता मी एकटीच बाळगून होते.

“खंय काम करतंस गो?” ते म्हणाले.

“तुयेक. फॅक्टरीत.”

“बरां केलंस.”

हे ऐकायला मी किती आसुसले होते. आणि ऐकलं तर कळेना, हे नक्की कोण म्हणालं. जे बाबा रागावले होते, त्यांनी तर म्हटलंच नव्हतं. पुढे दर रविवारी ते नव्याने विचारत, मी नव्याने सांगे, आणि उत्तर येईपर्यंत दर वेळी मी त्यांच्या कपाळाकडे बघत राही.

एका रविवारी मी ‘तुयेक’ म्हटलं. त्यांच्या कपाळावर रागाची जुनी आठी आली. मग उजव्या हाताने खुर्चीचा दांडा धरून, कष्टाने, ते माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे वळले.

मला एकदम रडू फुटलं. आई चुलीपुढून धावत आली, काय झालं म्हणून विचारू लागली. मी दुःखाने रडत होते की आनंदाने, हे मला तिला सांगता येईना. बाबांनी एकदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते.